पाण्याचा पुढचा धनी

नाशिकच्या पेपरात अधूनमधून एक ठरलेली बातमी येते. शनिवारी शहराचा पाणीपुरवठा बंद, रविवारी सकाळी कमी दाबाने. कुठे जलवाहिनीची गळती काढायची असते, कुठे पंपिंग स्टेशनवर विजेचं काम असतं. बातमी वाचली की शुक्रवारी संध्याकाळपासून घरोघरी भरणं सुरू होतं. पिंपं, बादल्या, कळशा, कुकरची भांडी, मुलांच्या शाळेच्या बाटल्या, हाताला लागेल ते. खरं तर सोसायटीच्या टाकीत शनिवारपुरतं पाणी असतंच, त्यामुळे भरलेल्यातलं निम्मंअधिक तसंच राहतं. आणि रविवारी नळाला पाणी आलं की ते सगळं मोरीत ओतलं जातं. शिळं झालं म्हणून.

हे मी चांगल्या शिकल्यासवरलेल्या घरांत पाहते आणि मला दर वेळी राग येतो. आपल्या नळाला एप्रिल-मे महिन्यात येणारं पाणी कधीचं असतं? जुलै-ऑगस्टमध्ये त्र्यंबक आणि आंबोलीच्या डोंगरांवर जो पाऊस कोसळतो तो गंगापूर धरणात साठतो आणि पुढचे आठ-नऊ महिने तिथेच असतो. धरणात नऊ महिने राहिलेलं पाणी आपण डोळे मिटून पितो आणि आपल्याच स्वयंपाकघरात झाकून ठेवलेलं एका रात्रीत फेकून देतो.

साठवलेल्या पाण्याबद्दल एक काळजी मात्र खरी आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो. ते पाळायलाच हवं. पण या डासाची अंडी पाण्याच्या काठाशी, पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून पिंप पुन्हा भरलं तर अंडी जागच्या जागी राहतात. पिंप आतून घासायचं असतं, आणि काढलेलं पाणी कुंड्यांना, फरशीला, संडासाला वापरायचं असतं. आपण नेमकं उलटं करतो. पाणी फेकतो आणि पिंप घासत नाही.

माझं माहेर मनमाडचं. ज्यांना मनमाड म्हणजे गाडी बदलायचं स्टेशन एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगते, पाण्यासाठी आमच्या गावाइतकं थांबलेलं गाव नाशिक जिल्ह्यात क्वचितच असेल. पालखेडच्या डाव्या कालव्याला आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की ते पाणी पाटोद्याच्या साठवण तलावात घ्यायचं, तिथून वागदर्डी धरणात आणायचं आणि मग गावाला पुरवून पुरवून द्यायचं. पंधरा-वीस दिवसांनी एकदा नळ, हे आमच्यासाठी वर्षानुवर्षांचं वेळापत्रक होतं. नळ यायचा दिवस गल्लीत आधीच कळलेला असायचा. त्या दिवशी कुणी बाहेरगावी जायचं नाही, लग्नाला गेलेला माणूससुद्धा जेवण आटोपून परत यायचा. आता करंजवण धरणातून थेट जलवाहिनीची योजना हाती घेतली गेली आहे. तिचं मोल काय, हे ज्यांनी तिथे दिवस काढले त्यांनाच कळेल.

आमच्याकडे मागच्या दारी एक सिमेंटचा हौद होता आणि स्वयंपाकघरात दोन पिंपं. सगळं मिळून अडीच हजार लिटरच्या आतच. पाच माणसं आणि पंधरा दिवस असा हिशेब मांडला तर दिवसाला माणशी 33 लिटर पडतात. शहरांसाठी सरकारी निकष माणशी 135 लिटरचा आहे. आम्ही त्याच्या चौथाई पाण्यात राहत होतो. पण आई त्यात काय करायची ते सांगायला हवं, कारण त्या आकड्यावरून वाटेल की आमचं घर पारोसं, कळकट असेल. तसं अजिबात नव्हतं. आमची भांडी गल्लीत सगळ्यांत लख्ख असायची.

भांडी घासताना आई नळाखाली बसायचीच नाही, नळच नव्हता म्हणा. आधी ताटातलं खरकटं हातानं निपटून गाईच्या टोपल्यात. मग सुकी राख आणि काथ्या घेऊन सगळी भांडी पाण्याचा थेंब न लावता घासून एका बाजूला ठेवायची. तेल-तूप राखेतच सुटून यायचं. मग दोन घमेली. पहिल्या घमेल्यात विसळलं की राख तिथं राहायची, दुसऱ्यात विसळलं की भांडं स्वच्छ व्हायचं, आणि पालथं घालण्याआधी वरून ओंजळभर पाणी. संध्याकाळच्या भांड्यांना सकाळचं दुसरं घमेलं पहिलं व्हायचं. सगळ्यांत मळकं पाणी सगळ्यांत मळक्या भांड्याला, स्वच्छ पाणी शेवटच्या हाताला. रसायनाच्या कारखान्यात धुण्याच्या टाक्या याच पद्धतीनं ओळीत लावतात असं मला पुढे कॉलेजात कळलं. आईनं ते आजीकडून घेतलं होतं आणि आजी नांदगावकडची, म्हणजे आणखी कोरड्या भागातली.

कपड्यांचंही तसंच. शेवटच्या खळबळीचं पाणी दुसऱ्या दिवशीचे कपडे भिजवायला. त्यातूनही उरलं तर अंगण. मोरीच्या तोंडाशी अळू आणि दोन केळी होत्या. अंघोळीचं पाणी परस्पर तिथे जायचं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. पिण्याच्या पिंपात तुरटी फिरवायची, तीसुद्धा हातानं नाही, तुरटीचा खडा चिमट्यात धरून. पाणी घ्यायला लांब दांड्याचं ओगराळं. पिंपात हात बुडवला की पाठीत धपाटा ठरलेला. आणि पाहुणा आला की त्याला अर्धा पेला पाणी. आणखी हवं असेल तर आणखी अर्धा. पूर्ण भरलेला पेला देऊन त्यातलं निम्मं उष्टं टाकून देणं आमच्याकडे अन्न टाकण्याइतकंच वाईट मानलं जायचं.

आईच्या तोंडी एक प्रश्न सतत असायचा. "याचा पुढचा धनी कोण?" म्हणजे हे पाणी हातून गेल्यावर कुणाच्या कामाला येणार. भाजी धुतली की प्रश्न, पाय धुतले की प्रश्न, बाटलीत तळाशी घोटभर राहिलं तरी प्रश्न. ज्या पाण्याला पुढचा धनी आहे ते सांडायचं नाही, आणि ज्याला नाही त्याला शोधायचा. मी पाणी वाचवण्यावरची पुष्कळ पत्रकं वाचली आहेत. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवरऐवजी बादली घ्या, सगळं बरोबर आहे. पण आईचा प्रश्न त्या सगळ्या पत्रकांपेक्षा मोठा वाटतो, कारण त्यात स्वतःचं काम झाल्यावर पाण्याचं काय, हा विचार आहे. पत्रकांमध्ये तो क्वचितच दिसतो.

लग्न होऊन नाशकात आले तेव्हा पहिल्यांदा चोवीस तास पाणी पाहिलं. टाकी भरलेली, नळ सोडला की धार. सासूबाई गंगेकाठच्या जुन्या वाड्यात वाढलेल्या. इथली जुनी माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात, "गंगेवर जाऊन येते" असं. त्यांच्या लहानपणी पाणी म्हणजे वाड्यातला आड आणि पावसाळ्यात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं याची चर्चा. मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, हे नाशिकचं पूर मोजायचं माप आजही आहे. पुराच्या मापानं नदी ओळखणाऱ्या गावाला टंचाईचं माप सुचणं अवघडच. सासूबाईंचा यात काही दोष नाही. त्यांना पाण्यानं कधी थांबायला लावलंच नव्हतं.

पण 2016 च्या चैत्रात याच गंगेतलं रामकुंड कोरडं पडलं. ते फोटो ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असतील, कुंडाचा तळ, त्यावर चालणारी माणसं. दुष्काळ होताच, पण गोदापात्रातल्या कुंडांच्या तळाशी सिंहस्थाच्या निमित्तानं घातलेल्या काँक्रीटचीही तेव्हा बरीच चर्चा झाली, कारण त्याखाली नैसर्गिक झरे दबले असं नदीसाठी काम करणाऱ्या लोकांचं म्हणणं होतं. आता 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. नदीला तळातून पाणी येतं याचा विसर पडला की कुंड भरायला वरून पाणी सोडावं लागतं, आणि वरचं पाणी म्हणजे पुन्हा तेच धरण.

नाशिकला पाणी येतं मुख्यतः गंगापूर धरणातून, जोडीला मुकणे आणि दारणा. मुकणेचं पाणी विल्होळीच्या केंद्रावर शुद्ध होऊन येतं. गंगापूर धरण मुळात शेतीसाठी बांधलं गेलं, 1965 च्या सुमारास ते पूर्ण झालं. त्याचा उजवा कालवा शहर वाढत गेलं तसा बंद पडला. त्याच्या जागेवरून आज रस्ते जातात, आणि कालव्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या रस्त्यांवरून आपण रोज गाड्या चालवतो. ज्या पाण्यावर एकेकाळी शेतं भिजायची ते आता आपल्या नळाला येतं. दर पावसाळ्यानंतर आरक्षणाच्या बैठका होतात, ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढच्या जुलैअखेरपर्यंत शहराला किती, उद्योगांना किती, शेतीला किती आवर्तनं, हे ठरतं. पिण्याच्या पाण्याला पहिला मान असतो आणि तो असायलाच हवा. पण पहिल्या मानकऱ्यानं ताटात किती वाढून घ्यायचं आणि किती टाकून द्यायचं, यावर मागच्या पंगतीचं जेवण अवलंबून असतं.

आणि मागची पंगत लांबलचक आहे. नाशिकच्या खाली नदीवर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा, तिथलं पक्ष्यांचं पाणथळ, ज्याला 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. तिथून निघणारे कालवे, त्याखाली वैजापूरकडची शेतं. आणि त्याही पुढे पैठणचं जायकवाडी, ज्यावर छत्रपती संभाजीनगर आणि जालना तहान भागवतात. 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानं खोऱ्यातलं पाणी समन्यायानं वाटायचं तत्त्व आणलं. त्याखाली असा नियम झाला की ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. 2023 मध्ये पाऊस रुसला तेव्हा नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या धरणांतून मिळून 8.6 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी सोडायचा आदेश निघाला होता. त्या दिवसांत नाशकात एकच वाक्य ऐकू यायचं, आमचं पाणी पळवलं.

मला ते वाक्य पटत नाही. द्राक्षबागा वाळताना बघणाऱ्या शेतकऱ्यानं ते म्हटलं तर मी समजू शकते. नदीत सोडलेल्या पाण्याचा मोठा वाटा कोरड्या पात्रातच मुरतो, हा त्यांचा मुद्दाही खोटा नाही. पण रोज सकाळी पोर्च पाइपनं धुणाऱ्या माणसानं ते म्हणावं? कालव्याच्या शेवटाला ज्यांची शेतं असतात त्यांना आपल्याकडे टेलचे शेतकरी म्हणतात. मनमाड हे टेलचंच गाव. माझं अर्धं आयुष्य टेलला गेलं, उरलेलं हेडला, म्हणजे वरच्या तोंडाशी, चाललंय. टेलच्या माणसाला वरच्याची प्रत्येक गळती दिसते. हेडच्या माणसाला खाली कुणी आहे हेच आठवत नाही, आणि त्याला ते आठवावं लागतही नाही, कारण पाणी त्याच्यापर्यंत आधी पोहोचलेलं असतं.

याच जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्वतः वाटून घेतात, मोजून, पट्टी भरून. ओझरच्या संस्थांनी 1990 च्या दशकात सुरू केलेल्या कामातून ते उभं राहिलं. आधी टेलला पाणी, मग वर येत यायचं, असं वाटपाचं शहाणपण या भागातल्या शेतकऱ्यांना समजतं. शहरातल्या आपल्याला फक्त आपल्या मजल्यावरचा दाब समजतो.

यावर घरात नेहमीचा वाद होतो. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, "देशातलं 80 टक्क्यांच्या वर पाणी शेतीला जातं. तू तांदळाचं पाणी कढीपत्त्याला घालून काय होणार?" आकडा खरा आहे. माझ्या कढीपत्त्यानं गंगापूरची पातळी सूतभरही वाढणार नाही हेही खरं. पण शहराचं पाणी वेगळ्या हिशेबात मोडतं. ते शुद्ध केलेलं असतं, पंपानं उचललेलं असतं, टाकीवर चढवलेलं असतं, त्यावर वीज, क्लोरीन, तुरटी आणि माणसांची पाळी खर्च झालेली असते. आणि वापरून झालं की तेच तपोवन, आगरटाकळी, चेहेडीच्या मलनिस्सारण केंद्रांवर जातं, पुन्हा विजेवर. जेवढं जास्त सांडपाणी तेवढा त्या केंद्रांवर ताण, आणि जे तिथे पेलत नाही ते गंगेत. म्हणजे मी एक बादली कमी सांडली तर ती दोनदा वाचते, येताना आणि जाताना. नवऱ्याला हा दुसरा भाग पटला. पहिल्यावर आमचा वाद अजून चालू आहे.

आता घरातल्या गोष्टी, ज्या खरोखर मोठ्या आहेत त्या.

सगळ्यांत मोठी म्हणजे संडासाची टाकी. जुन्या फ्लश टाक्या एका वेळी दहा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी सोडतात. चार माणसांच्या घरात दिवसाला वीस वेळा धरलं तर 200 लिटर. 135 च्या निकषानं चौघांना मिळून 540 लिटर होतात, त्यातलं एक तृतीयांशाहून जास्त, पिण्यायोग्य पाणी, तिथे. दोन बटणांची टाकी बसवली की लहान बटणाला तीन आणि मोठ्याला सहा लिटर. तेवढ्याच वापरात 75 लिटरच्या आसपास भागतं. आम्ही बाथरूमचं काम काढलं तेव्हा ती बसवून घेतली. टाइल्सच्या रंगावरून झालेल्या चर्चेच्या मानानं हा निर्णय दोन मिनिटांत झाला, आणि इतर कुठल्याही बदलापेक्षा त्यानंच जास्त पाणी वाचवलं.

दुसरी, आरओ. घरगुती आरओ एक लिटर पाणी गाळताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. घराला पिण्या-स्वयंपाकाला पंधरा लिटर लागत असेल तर 45 लिटर रोज सिंकमधून जातात. राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये म्हटलं होतं की जिथे पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे तिथे आरओची गरजच नाही. नदीचं, धरणाचं पाणी येतं तिथे हे प्रमाण बहुतेक वेळा कमीच असतं. बोअरवर राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आमच्याकडे महापालिकेचं पाणी आहे. मोजणारं पेनासारखं यंत्र आणून बघितलं आणि आरओ काढून साधा गाळणीचा आणि अतिनील दिव्याचा फिल्टर लावला. ज्यांना आरओ लागतोच त्यांनी त्याची बाहेर जाणारी नळी बादलीत सोडावी. ते पाणी फरशीला, संडासाला, गाडी पुसायला उत्तम. कुंड्यांना मात्र रोज घालू नये, क्षार मातीत साठत जातात आणि पानांच्या कडा करपतात.

नळ. आमच्या किचनच्या नळाखाली दहा लिटरची बादली मिनिटभरात भरायची. नळाच्या तोंडाला हवा मिसळणारी जाळी, प्लंबर एरेटर म्हणतात ती, लावली की धार तशीच भासते पण पाणी निम्म्यावर येतं. बाजारात फार महाग नाही. गळक्या नळासाठी वॉशर तर त्याहून स्वस्त, पण तो बदलायला माणूस बोलवायचा कंटाळा महाग पडतो. रात्री गळत्या नळाखाली पातेलं ठेवून सकाळी बघावं, मग कंटाळा येत नाही.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी फुलेनगरकडून येतात. त्यांच्याकडे सार्वजनिक नळ आहे, दोन तास पाणी, रांग. मी दोन टबांची पद्धत सुचवली तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, घरी मी तसंच करते. तुमच्याकडे सिंक आहे, वर नळाला जोर आहे, आणि मला अजून दोन घरं करायची असतात." मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पाणी वाचवायचं सगळं भाषण बायांनी कामवाल्या बाईला द्यायचं, हे मी खूप घरांत ऐकलंय. तिच्या वेळेचा विचार न करता. आम्ही मग असं केलं की खरकटं निपटून, तेलकट भांडी कागदानं पुसून आणि कुकर-कढई आधीच भिजवून आम्ही ठेवतो. सिंकमध्ये एक टब कायमचा असतो. मावशींचं काम लवकर उरकतं आणि नळही कमी चालतो. त्यातलं पहिलं साबणाचं पाणी गटारात जातं, दुसरं बाथरूमच्या बादलीत. साबणाचं पाणी रोज झाडांना घालू नका. डिटर्जंटमधल्या सोड्यानं माती आवळते आणि मुळं गुदमरतात. आईच्या अळवाला ते चालायचं, कारण तेव्हा भांड्यांना राख आणि अंगाला बेसन असायचं. आणि असं वापरलेलं पाणी दिवसभराच्या आत संपवायचं, ठेवलं की वास मारतं.

गच्चीवरच्या टाकीबद्दल बोलायलाच नको इतकं ते नेहमीचं झालंय. सकाळी गंगापूर रोडनं चालत निघालं तर कुठल्या ना कुठल्या बिल्डिंगच्या ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी खाली पडत असतं, रस्ता वाहत असतो, आणि वॉचमन मोटर बंद करायला जिना चढत असतो. एक साधा बॉलकॉक किंवा मोटर आपोआप बंद करणारा सेन्सर. एवढंच. बाईक घासताना चालू पाइप हातातून सोडून फोन घेणारे तरुण बघितले की मी थांबून सांगते. काही ऐकतात.

पावसाचं मात्र मनापासून लिहायचंय. नाशिक शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. इगतपुरीत 3,000 च्या वर पडतो आणि तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात तरीही टँकर लागतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तिथल्या बायका अक्षरशः जगतात. तीव्र उतार, खाली काळा बेसॉल्ट, पाणी थांबतच नाही. आपल्याही पायाखाली तोच खडक आहे. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरूमाच्या थरातच काय ते पाणी राहतं, म्हणून एका बोअरला लागतं आणि वीस फुटांवरच्या दुसऱ्याला लागत नाही. भेग भरलेली ठेवायची तर वरून मुरवायला हवं, आणि आपण सगळं अंगण पेव्हर ब्लॉकनं बंद केलंय.

आमच्या बिल्डिंगची गच्ची चार हजार चौरस फुटांची. 700 मिलिमीटरमध्ये तिच्यावर दोन लाख साठ हजार लिटर पाणी पडतं. पहिल्या सरीचं धुळीचं सोडून दिलं, थोडं उडालं, सांडलं, तरी दोन लाख हातात राहतं. सोळा घरं, घरटी रोज 540 लिटर धरलं तर तेवीस दिवसांचं पाणी. याहून मोठा दावा मी करणार नाही, यावर वर्ष निघत नाही. पण टँकरचे तेवीस दिवस विकत घेऊन बघा.

ते पाणी आज पाइपानं थेट रस्त्यावर येतं आणि पहिल्याच मोठ्या सरीला आमच्या गेटसमोर तळं होतं. गाळणीचा खड्डा काढून, त्यात विटांचे तुकडे, खडी आणि वाळूचे थर देऊन ते बोअरच्या कडेला मुरवायचं, असा प्रस्ताव मी सोसायटीपुढे ठेवलाय. मीटिंग पुढच्या रविवारी आहे. तळमजल्यावरच्या काकांना पार्किंगमध्ये खड्डा नकोय, चौथ्या मजल्यावर वर्गणी जास्त वाटते, आणि सेक्रेटरी म्हणतात आधी रंगकाम. प्लंबरला घेऊन मी गच्चीचे पाइप खालपर्यंत बघून आले. तीन रस्त्याकडे उतरतात, एक बोअरपासून दहा फुटांवर. खड्डा त्या एकाच पाइपापुरता केला तर पार्किंगची एकही जागा जात नाही आणि खर्चही पाव होतो. तेवढं मृगाच्या आत व्हावं, मग बाकीच्या तिघांचं दिवाळीनंतर बघू.